बेसण्याची पट्टी आणि पावतीपुस्तक

पत्र थोडक्यात असं: बडोद्याची एक विद्यार्थिनी लिहिते. पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर दांडिया बाजारात. कॉलेजच्या नियमाप्रमाणे आठ आठवड्यांची इंटर्नशिप तिला एका ट्रस्टच्या स्थानिक वाहिनीत मिळाली. वाहिनी केबलवर आणि इंटरनेटवर दिसते. वस्त्यांचे प्रश्न, सणवार, शाळांचे कार्यक्रम दाखवते. चार आठवडे झाले. 'मला रिपोर्टिंग, अँकरिंग शिकायचं होतं. करते काय, तर बेसण्याच्या (माणूस गेल्यावरच्या शोकबैठकीच्या) जाहिराती टाइप करते, रशेस (न कापलेलं कच्चं शूटिंग) बघून लिहून काढते आणि ट्रायपॉड उचलते.' मधे तिच्या हातून एका बेसण्याची वेळ चुकीची गेली, त्यावरून बोलणी बसली. दोनदा दुकानदारांकडून जाहिरातीचे पैसे आणायला पाठवलं, 'पण ते ठीक आहे, तेवढंच बाहेर पडायला मिळालं.' आता गणपतीसाठी अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम तिने करावा असं वाहिनीच्या प्रमुख बाई म्हणतात. तिला वाटतं, मराठी म्हणून आपल्याला कोपऱ्यात बसवताहेत. शिवाय 'आमची मराठी पुण्यासारखी शुद्ध नाही.' वडिलांच्या ओळखीने उरलेले चार आठवडे अहमदाबादच्या एका मोठ्या न्यूज चॅनलमध्ये करता येतील. जावं का?

तुला 'तू'च म्हणते, माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

तुझ्या पत्रात अँकरिंगवर दीड पान आहे, ट्रायपॉडवर सात ओळी आहेत. बेसण्याची चूक तू चार ओळींत उरकलीस आणि पैसे आणायला पाठवलं ते एका ओळीत. मला नेमकं त्या शेवटच्या दोन गोष्टींवर बोलायचंय. तुझा राग खोटा नाही, पण तो भलत्याच ठिकाणी जाऊन बसलाय असं मला वाटतं.

आधी बेसणं. गुजरातबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: माणूस गेल्यावर दोन-चार दिवसांत घरचे लोक ठरलेल्या जागी, ठरलेल्या दोन तासांत बसतात. बाकीचे पांढऱ्या कपड्यांत येतात, फोटोला फुलं वाहतात, हात जोडतात, पाच-दहा मिनिटं टेकतात आणि उठतात. त्याची खबर वर्तमानपत्रात आणि केबलच्या पट्टीवर येते. फोटो, नाव, वार, वेळ, जागा आणि खाली 'लौकिक व्यवहार बंध', म्हणजे बाकीच्या लौकिक रीतीभाती ठेवलेल्या नाहीत. बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांनीही हा शब्द आता आपलासा केलाय.

तू लिहितेस की तू आधीच्या बेसण्याची फाइल उघडलीस, तिच्यावरच नवा फोटो, नवं नाव, नवा हॉल टाकलास आणि जुनं 'सायं. ४ ते ६' तसंच राहिलं. खरी वेळ सकाळी ९ ते ११ होती. दुपारी चारला माणसं आली तेव्हा हॉलला कुलूप. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थांचा मुलगा ऑफिसात आला, आरडाओरडा केला नाही, एवढंच म्हणाला की वडिलांचे मिलमधले दोन जुने सोबती बस बदलून आले होते आणि पायरीवर बसून परत गेले. आणि त्याच्या पुढचं तुझं वाक्य: 'एवढ्याशा चुकीवरून मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या.'

सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे खरं. पण 'एवढीशी' कुठे होती गं ती? त्या दोन म्हाताऱ्यांना दुसरं बेसणं मिळणार नाही. मोठ्या चॅनलवर दिवसभरात किती नावं चुकतात, आकडे चुकतात. ज्याचं नाव चुकलं तो माणूस तुमच्या टेबलासमोर येऊन उभा राहत नाही. तुझ्याकडे तो जिना चढून आला. वस्तीच्या वाहिनीत आणि बाकीच्या टीव्हीत मला दिसतो तो फरक हाच: बघणाऱ्याला तुमचं ऑफिस माहीत असतं. पत्रकारितेच्या वर्गात 'तथ्यांची पडताळणी' हा धडा तुला कुणीतरी फळ्यावर लिहून दिला असेल. तो असा समोर उभा राहिलेला फार थोड्यांना भेटतो, आणि विसाव्या वर्षी तर त्याहून कमी.

तेव्हा उद्यापासून एवढं कर. जुन्या फाइलवर नवं काम करायचं नाही, कोरा नमुना वेगळा ठेवायचा, ज्यात वेळ-वार-जागा रिकामीच असेल; विसरलीस तर पट्टीवर भोक दिसेल, चुकीची वेळ दिसणार नाही. टाइप झालं की घरच्यांनी दिलेला कागद दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि पट्टी मोठ्याने वाचून दाखवायची. वार आणि तारीख जुळतात का हे कॅलेंडरवर बोट ठेवून बघायचं. तयार पट्टीचा फोटो त्या घरी व्हॉट्सॲपवर पाठवायचा आणि त्यांचा होकार आला की मगच प्रसारणाला सोडायचं. फारतर दहा मिनिटं जातील. हे लिहून, छापून मॅडमना दे, 'आपल्याकडे असं करूया का' म्हणून. इंटर्नने ऑफिसला काही देऊन जाण्याची ही उत्तम जागा आहे, आणि त्या बोलणीनंतर मॅडमशी पुन्हा सरळ बोलायला एक निमित्तही.

या पट्टीवर वाहिनी चालते, हेही समजून घे. आपल्या देशात सामुदायिक रेडिओसाठी धोरण आहे: २००२ मध्ये ते शिक्षणसंस्थांसाठी आलं, २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही खुलं झालं. सामुदायिक टीव्हीसाठी तसा वेगळा परवाना नाही. अमेरिकेत १९८४ च्या केबल कायद्याने नगरपालिकांना केबल कंपनीकडून लोकांसाठी राखीव वाहिनी मागता येते, त्यामुळे तिथे अशा केंद्रांना बरेचदा स्टुडिओ आणि शिकवणारी माणसं असतात. इथे तुमच्यासारख्यांना केबलचालकाच्या लोकल चॅनलचा आणि इंटरनेटचा आसरा. २०१३ मध्ये बडोद्यात सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाल्यावर तर त्या शेकडो वाहिन्यांच्या यादीत आपला नंबर लोकांच्या लक्षात राहावा म्हणूनच धडपड. मग पैसे कुठून येणार? बेसणं, ट्यूशन क्लास, साड्यांचा सेल, नवरात्रीचे पास. यातलं बेसणं हे एकच असं, जे लोक मुद्दाम चॅनल लावून बघतात. त्याला तू हलकं काम म्हणतेस.

रशेस लिहून काढण्याबद्दल तुझी तक्रार मी मान्य करत नाही, हे लगेच सांगून टाकते. ज्याने चाळीस तास दुसऱ्याचं शूटिंग बघून लिहून काढलंय त्याला पुढे एडिटर मूर्ख बनवू शकत नाही. फक्त ते 'आजी बोलते, नळ दिसतो' असं लिहू नकोस. '१२:४० आजी नळाकडे बोट दाखवते, आवाज स्वच्छ, इथून सुरू करता येईल; १३:०५ मागून रिक्षा, बाइट वाया; १४:१० आजी गप्प, सून दारातून बघते, हा शॉट ठेवा' असं लिही. कुठला प्रश्न विचारल्यावर माणूस खुलला आणि कुठल्या प्रश्नावर मिटला, ते समासात टिपून ठेव. रिपोर्टिंग शिकायचं होतं ना? चांगल्या-वाईट रिपोर्टरांच्या पंचवीस मुलाखती तुझ्यासमोर उघड्या पडल्यात. ट्रायपॉडचं म्हणशील तर तो जड असतो, खांदा दुखतो, यापलीकडे त्यात काही नाही, सगळ्यांनी उचललाय.

आता ते पैसे आणायला पाठवणं. तू म्हणतेस 'ठीक आहे.' मी म्हणते, तुझ्या पत्रातली खरी चुकीची गोष्ट ही एवढीच आहे.

गावोगावच्या वार्ताहराला वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणायला लावायची, ही आपल्याकडची जुनी खोड. त्याच्याने बातमीचं काय होतं ते जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या कुणालाही विचार. आज तू रावपुऱ्यातल्या ज्या दुकानदाराकडून दोन हजार रुपये मोजून घेतलेस, त्याने उद्या फूटपाथवर माल मांडला आणि वस्तीतल्या बायका तुमच्याकडे तक्रार घेऊन आल्या, तर कॅमेऱ्यापुढे उभी कोण राहणार? तूच. आणि तो तुला ओळखून हसणार. शिवाय रोख रक्कम, तुझी पर्स, तुझी स्कूटी. शंभर रुपये कमी भरले तर ते कुणी घालायचे हे कुठे लिहिलंय? मॅडमच्या मनात वाईट असेल असं मला वाटत नाही. माणसं कमी, जो रिकामा दिसेल त्याला धाडायचं, असं चालत असेल. म्हणूनच भांडण न करता सरळ सांगता येईल: 'मॅडम, बेसणी टाइप करीन, रशेस लिहीन, शूटला कितीही वाजता येईन. पैसे आणायचं काम मला नको. ज्यांच्याकडून पैसे आणले त्यांच्यावर उद्या स्टोरी करायची वेळ आली तर मला जमणार नाही.' यावर त्या रागावल्या, तर तो राग तुझ्या बाजूने मोज. आणि तरीही पाठवत राहिल्या, तर मात्र अहमदाबाद काय, आणखी कुठेही जा; तेव्हा मी तुला थांब म्हणणार नाही.

अहमदाबादबद्दल माझं मत थोडं पूर्वग्रहाचं आहे, ते लक्षात घेऊन वाच. शिकत असताना मी एका मोठ्या वाहिनीत सहा आठवडे काढले. चकचकीत न्यूजरूम, भिंतभर पडदे, आणि मी स्क्रिप्टच्या प्रिंट काढून पीसीआरमध्ये, म्हणजे प्रसारण चालवतात त्या खोलीत, नेऊन द्यायची. चौथ्या आठवड्यात एका निर्मात्याने विचारलं, 'तू कुठल्या डेस्कची?' मला कुठलंच डेस्क नव्हतं. घरी मात्र सगळ्यांना फार अभिमान. तुझ्या बाबांनाही त्या नावाचा अभिमान वाटणार, आणि त्यात गैर काही नाही. पण तू जे निसटतंय म्हणतेस, अँकरिंग आणि रिपोर्टिंग, ते चार आठवड्यांच्या पाहुणीला तिथे मिळेल असं तुला कुणी सांगितलंय का, की तू धरून चालली आहेस?

हे तपासायला सोपं आहे. बाबांच्या मित्राला मधे न घालता, जिच्या किंवा ज्याच्या हाताखाली काम करायचं त्या व्यक्तीशी तू स्वतः फोनवर बोल. शिफ्ट कुठली, डेस्क कुठलं, पहिल्या आठवड्यात नेमकं काय करायचं, हे विचार. उत्तर 'या तर खरं, बघू' असं आलं तर काय ते समज. कॉलेजला विचार, दोन अर्धी प्रमाणपत्रं चालतात का. नाही चालली तर चार आठवडे वाया. पेइंग गेस्टचं भाडं आणि डबा यांचा हिशेब कागदावर मांड. एक गोष्ट मोठ्या ठिकाणीच दिसते, हे कबूल: रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा ठरलेला क्रम, दर पाच मिनिटांनी कसा मोडतो आणि पुन्हा उभा राहतो. डेस्कवर नोकरी करायची असेल तर ते बघायलाच हवं. पण त्याला आठ-दहा दिवस पुरतात, दिवाळीच्या सुट्टीत जाऊन ये. आणि गेलीस की 'व्हिडिओ सेवा'ची चौकशी कर. 'सेवा' संघटनेतल्या कष्टकरी बायका, त्यांत भाजी विकणाऱ्याही, १९८४ पासून कॅमेरा चालवायला शिकल्या. काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी काय टिपलं हे मिळालं तर बघ.

राहता राहिला मराठी कार्यक्रम. इथे मला तुझ्यावर हसू आलं, रागावू नकोस. अर्धा तास! अहमदाबादच्या त्या चॅनलमध्ये अर्ध्या तासाचा कार्यक्रम स्वतः करायला किती वर्षं लागतात ते तिथल्या कुणाला विचार. आणि याला तू कोपरा म्हणतेस.

शुद्धतेचं म्हणशील तर बडोद्यापासून फार लांब नसलेल्या एका गावाची गोष्ट सांगते, तुमच्या अभ्यासक्रमात असेलही. नडियादजवळ पीज. १९७५ मध्ये इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने तिथे एक किलोवॉटचा ट्रान्समीटर बसवून खेडा जिल्ह्यासाठी टीव्ही सुरू केला. गावोगावी सार्वजनिक संच ठेवलेले, संध्याकाळी लोक एकत्र बसून बघायचे. कार्यक्रम करणारे आधी गावात जाऊन लोकांशी बोलत, काय हवंय ते समजून घेत. मालिकांत गावकरीच काम करत, आणि भाषा त्या भागातली चरोतरी बोली. अहमदाबादच्या साहेबी गुजरातीत ते झालं असतं तर ती माणसं उठून गेली असती असं मला खात्रीने वाटतं. १९८४ मध्ये याच प्रकल्पाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी पीजचा ट्रान्समीटर बंद झाला, ती वेगळी आणि दुःखाची गोष्ट.

तेव्हा 'बराबर' म्हणणारी, 'येशील ने?' असं विचारणारी तुमची बडोदी मराठी घेऊनच बोल. गायकवाडांच्या काळापासून ती इथे नांदतेय, तिला पुण्याच्या दाखल्याची गरज नाही. खाली गुजराती उपशीर्षकं टाक, म्हणजे शेजारचेही बघतील. मंडळाच्या अध्यक्षांचे बाइट घेत सुटू नकोस; त्यांना सगळीच चॅनल विचारतात. दांडिया बाजारातल्या एखाद्या घरात जा, जिथे आजी मराठीत आरती सुरू करते आणि नातसून गुजराती वळणाने ती पुढे नेते. विसर्जनाच्या कृत्रिम तलावाशी रात्री दोनला मूर्ती उतरवून घेणाऱ्या माणसांशी बोल. ते लोक दहा दिवसांत स्वतःच्या घरच्या गणपतीसमोर किती वेळ बसतात, एवढा एकच प्रश्न विचारलास तरी दहा मिनिटांचा कार्यक्रम होईल. तीन सांभाळायच्या गोष्टी. घरात कॅमेरा काढण्याआधी घरातल्या सगळ्यांना विचारायचं, फक्त कर्त्या पुरुषाला नाही. आणि लहान मुलांचं चित्रण आईवडिलांच्या होकाराशिवाय नाही. आणि आरती घरच्यांच्या आवाजातलीच घे. मागे ध्वनिफितीतलं गाणं लावलंस तर इंटरनेटवर हक्काचा दावा येऊन कार्यक्रमच खाली उतरेल.

कोपऱ्यात बसवताहेत ही शंका मनात राहणारच असेल तर त्याचा सौदा कर. 'गणपतीचा कार्यक्रम करते, त्याबरोबर वस्तीची एक स्टोरी गुजरातीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत मला द्या.' आणि जाताना स्टोरी घेऊन जा, 'काहीतरी द्या ना' म्हणून नको. विषय, कुणाशी बोलणार, काय दिसणार, किती मिनिटं, असं एका पानावर. मॅडमना नाही म्हणायला कष्ट पडले पाहिजेत.

हे पत्र छापायचं ठरवलं कारण इंदूर, ग्वाल्हेरहूनही अशी दोन-तीन आली आहेत, वाहिनीचं नाव बदललं की गाऱ्हाणं तेच. त्या मुलामुलींसाठी एवढं: पहिल्याच दिवशी एक पानाचं पत्र मागा. तास किती, कुणाच्या हाताखाली, पेट्रोलचे पैसे मिळणार का, रात्री उशीर झाला तर घरी कोण सोडणार, कार्यक्रमात नाव जाणार का, आणि आपण केलेलं काम पुढे नोकरीसाठी दाखवायला वापरता येईल का. शेवटचं फार जण विसरतात आणि मग हातात फक्त प्रमाणपत्र उरतं. मुलींनो, लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, पगार मिळो न मिळो. दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. समितीतल्या बाईंचं नाव आणि नंबर पहिल्या दिवशीच विचारून घ्या. विचारल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो तेही बघा.

तुझ्याबाबतीत, राहा असं माझं म्हणणं. राहून उरलेल्या चार आठवड्यांत तुला काय हवंय ते कागदावर लिहून सोमवारी मॅडमसमोर ठेव. त्या मिलमधल्या सोबत्यांपैकी कुणाचा पत्ता मुलाकडून मिळाला तर एकदा भेटून ये. कॅमेरा न घेता.

आणि ते जाहिरातीचं पावतीपुस्तक अजून तुझ्या बॅगेत असेल, तर सोमवारची वाट बघू नकोस. उद्या सकाळी ऑफिस उघडलं की आधी ते परत कर, किती पावत्या फाडल्या आणि किती रुपये भरले ते लिहून, खाली मॅडमची सही घेऊन.